जास्त काळं झालं तेच जगलं

बारा फोटो हवे होते. ब्लू माउंटन्समधल्या एका छोट्या सभागृहाच्या भिंतीवर लावायला, आणि विषय एकच: वणव्यानंतरचं जंगल. मागणी केली होती तिथला झाडोरा जपणाऱ्या काही स्वयंसेवकांनी. पैसे नव्हते, मुदतही नव्हती. अट एवढीच, की प्रत्येक फोटोखाली दोन ओळी हव्यात आणि त्या खऱ्या हव्यात. या अटीकडे मी तेव्हा नीट लक्ष दिलं नाही. सगळं लक्ष कॅमेऱ्यावर होतं. पुढे प्रकरण अडलं ते त्या दोन ओळींपाशीच.

जागा आधी सांगतो. सिडनीहून पश्चिमेला बेल्स लाइन ऑफ रोडने निघालं, की कुराजाँग, बिलपिन मागे टाकत रस्ता डोंगरमाथ्यावरून बेल या छोट्या वस्तीकडे जातो. वाटेत उजवीकडे माउंट विल्सनचा फाटा लागतो. बेल समुद्रसपाटीपासून साधारण हजार मीटरवर आहे, त्यामुळे धुकं नेहमीचंच. सगळा मुलूख निलगिरीचा. आपण या झाडाला निलगिरी म्हणतो ते दक्षिणेतल्या नीलगिरी डोंगरांवरून, आणि झाडाचं मूळ घर असलेल्या या डोंगरांचं नाव ब्लू माउंटन्स, म्हणजे पुन्हा नीलगिरीच. ही गंमत मी तिथे भेटलेल्या प्रत्येकाला सांगितली आहे. बहुतेकांनी सभ्यपणे मान डोलावली.

2019 च्या 26 ऑक्टोबरला उत्तरेकडे वोलेमाय राष्ट्रीय उद्यानात, गॉस्पर्स माउंटनजवळ, वीज पडून आग लागली. ती अडीच-तीन महिने जळत राहिली आणि तिने 5 लाख 12 हजार हेक्टरांवर जंगल खाल्लं. डिसेंबरच्या मध्यावर तिची झळ माउंट विल्सनपर्यंत आली. तिथे 14 डिसेंबरला पुढचं जळण आधीच संपवून आगीची वाट अडवायची म्हणून समोरून आग लावण्यात आली, ती हाताबाहेर गेली, रस्ता ओलांडून ग्रोस खोऱ्यात उतरली. त्या उन्हाळ्यात ग्रेटर ब्लू माउंटन्स या जागतिक वारसा क्षेत्राचा सुमारे 80 टक्के भाग जळाला. एकट्या न्यू साउथ वेल्समध्ये 26 माणसं गेली आणि 2,400 हून जास्त घरं गेली. हे आकडे इथे मुद्दाम देतो आहे, कारण पुढचा सगळा मजकूर झाडं, साल आणि एक्स्पोजर (फोटोत किती प्रकाश घ्यायचा ते) यांच्याबद्दल आहे, आणि ते वाचताना आसपास काय घडून गेलं होतं ते नजरेआड होऊ नये.

पहिली फेरी

मी गेलो जानेवारी 2020 च्या अखेरीस. आग जाऊन सहा आठवडे झाले होते. उद्यानाचा भाग बंद, पट्ट्या लावलेल्या. तेव्हा रस्त्याची कड सोडायची नाही हे ठरलेलंच होतं. बेलच्या अलीकडे रस्त्याकडेला एक उतार सापडला. गाडी सुरक्षित उभी करता येईल एवढी जागा, समोर घळ, आणि घळीच्या दोन्ही अंगांना जळालेली निलगिरी. डावीकडची झाडं बुंध्यापासून शेंड्यापर्यंत कोळसा झालेली. उजवीकडची उंच, सडसडीत, खाली हातभर काळी आणि वर फिकट, गुळगुळीत. त्यांच्या शेंड्यांना करपलेली तांबूस पानं अजून लटकत होती.

सकाळी दहा ते दुपारी एक एवढ्या वेळात 340 फोटो काढले. घरी येऊन पाहिले, तर 340 वेळा तोच फोटो काढला होता.

यात प्रकाशाचा दोष पहिला. जंगलात शिरताना आपण छायेचा अंदाज धरून चालतो. पण पानं जळून गेल्यावर जंगलाला छप्परच उरत नाही. ऑस्ट्रेलियातलं जानेवारीचं ऊन थेट जमिनीपर्यंत येतं, आणि प्रत्येक काळ्या खोडाची तेवढीच काळी सावली जमिनीवर पडते. प्रत्यक्ष पाहताना डोळा खोड आणि सावली वेगळी करतो, कारण आपण हलत असतो, आपल्याला दोन डोळे असतात. फोटोत दोन्ही एकाच पातळीवर येतात. माझ्या निम्म्या चौकटींत नुसतं उभ्या-आडव्या काळ्या रेघांचं जाळं होतं.

दुसरा दोष मीटरचा, खरं तर मीटरवर डोळे मिटून टाकलेल्या विश्वासाचा. कॅमेऱ्याचं मीटर समोरच्या दृश्याचा प्रकाश सरासरी मध्यम करड्या रंगाइतका धरून चालतं. चौकटीत सगळा कोळसाच असला, की त्याला वाटतं अंधार आहे. ते एक्स्पोजर वाढवतं, कोळसा धुरकट करडा होतो आणि खालची पांढरी राख तपशील हरवून पार पांढरीफटक होते. चौकटीत वर आकाशाची पट्टी आली, की उलटं: आकाशाला घाबरून ते एक्स्पोजर कमी करतं आणि झाडं पोत नसलेल्या डांबरासारखी दिसतात. माझ्याकडे एकाच तासातले दोन्ही प्रकार होते. शेजारी शेजारी ठेवले तर दोन वेगळी जंगलं वाटावीत.

मग मी ते केलं जे बहुतेक जण करतात. संगणकावर कॉन्ट्रास्ट ताणला, सावल्या आणखी खोल केल्या, रंग काढून टाकले, आणि एका फोटोत करपलेल्या पानांचा तांबूस रंग तेवढा ठेवला. त्या रात्री तो फोटो मला फार आवडला होता. आज तो कुणाला दाखवत नाही.

दोन ओळींचा घोळ

तीस फोटो निवडून, त्यांखाली ओळी लिहून, गटातल्या एका वयस्क बाईंकडे नेले. त्या आयुष्यभर वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांनी तंत्राबद्दल चकार शब्द काढला नाही. दोन फोटो वेगळे काढले आणि टेबलावर समोरासमोर ठेवले.

एक डावीकडच्या अंगाचा. सगळी झाडं काळी ठिक्कर. खाली मी लिहिलं होतं: ‘हा उतार आता गेला. इथे पुन्हा सावली पडायला पिढी जावी लागेल.’ दुसरा उजवीकडचा, फिकट खोडांचा. त्याखाली: ‘आगीच्या तोंडातून वाचलेली झाडं.’

त्यांनी विचारलं, ही झाडं कोणती? मी म्हटलं, निलगिरी. त्या हसल्या. या डोंगरांत निलगिरीचे नव्वदहून अधिक प्रकार आहेत, तेव्हा माझं उत्तर म्हणजे ‘पक्षी कोणता’ या प्रश्नाला ‘उडणारा’ म्हणण्यासारखं होतं. मग त्यांनी पेन्सिलीने दोन्ही ओळींवर काट मारली आणि बाण काढून त्यांची अदलाबदल केली. काळी आहेत ती बहुधा जगतील, म्हणाल्या. ही गोरी आहेत ना, ती मेली आहेत.

मला हे पटलं नाही. फोटो समोर होता. जे जास्त जळलं ते मेलं आणि जे कमी जळलं ते वाचलं, हे कुणीही सांगेल. त्यांचं स्पष्टीकरण मात्र साधं होतं, आणि नंतर मी ते ताडूनही पाहिलं.

डावीकडची झाडं जाड, खरखरीत सालीची, पेपरमिंट म्हणतात त्या जातीची: युकॅलिप्टस पिपेरिटा. अशी साल पेट घेते, शेंड्यापर्यंत काळी होते, पण ती आतल्या जिवंत थराची गोधडीही असते. निलगिरीच्या बऱ्याच जातींत नवे कोंब घडवणाऱ्या पेशी सालीच्या वरच्या थरात नसून अगदी तळाशी, लाकडाला लागून असतात. एरवी शेंड्याकडून येणारी संप्रेरकं त्यांना दाबून ठेवतात. शेंडा जळाला की हा दाब उठतो, आणि खोडाच्या अंगावर, वाटेल तिथे, धुमारे फुटतात. शिवाय काही जातींच्या बुंध्याशी जमिनीत एक लाकडी गड्डा असतो, त्यात कळ्या आणि अन्न साठवलेलं असतं. वर काहीच उरलं नाही तरी झाड खालून उठतं.

उजवीकडची जात युकॅलिप्टस ओरेडीझ, ब्लू माउंटन्स ॲश. खोड गुळगुळीत, साल पातळ, दरवर्षी लांब पट्ट्यांनी सोलून बुंध्याशी पडणारी. त्या पट्ट्या बुंध्यापाशी पेटतात, आणि पातळ सालीखालचा जिवंत थर त्या आचेने शिजतो. काळं व्हायला तिथे जाड सालच नसते, म्हणून खोड देखणं दिसत राहतं. ब्लू माउंटन्समधल्या बहुतेक निलगिऱ्या वणव्यातून पुन्हा फुटतात. मोठ्या वणव्यात मरणाऱ्या मोजक्या जातींत ही एक. ती परतते ती फक्त बियांतून.

म्हणजे माझ्या फोटोतला काळा रंग खरा होता. मी त्याचा अर्थ उलटा लावला होता, आणि तो अर्थ उठून दिसावा म्हणून कॉन्ट्रास्टही ताणला होता. हे कळल्यावर तंत्राचे दोषही नव्याने दिसू लागले. दोन्ही अंगांच्या सालीतला फरक दाखवणं हाच विषय असेल, तर काळोख खोल करून मी तो फरकच बुजवला होता.

बाईंचं म्हणणं त्यांनी स्वतःच पक्कं मानलं नाही, हेही नोंदवायला हवं. दोन्ही ओळी त्यांनी कोऱ्या ठेवल्या आणि म्हणाल्या, झाडांनाच विचार.

पावसानंतर

7 ते 10 फेब्रुवारी या चार दिवसांत सिडनीत 391.6 मिलीमीटर पाऊस पडला. त्याआधी इतका चार दिवसांचा पाऊस 1990 साली झाला होता. डोंगरांतही झोडपलं. जे वणवे महिनोन्‌महिने विझत नव्हते ते या पावसाने विझवले.

फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात मी पुन्हा त्याच उतारासमोर होतो. या वेळी उजाडायच्या आधी पोचलो, आणि धुकं होतं. धुक्याने माझं निम्मं काम केलं: जवळचं खोड काळं, त्यामागचं करडं, त्यामागचं त्याहून फिकं. जानेवारीत एकाच पातळीवर चिकटलेल्या रेघा आता एकामागे एक उभ्या राहिल्या. सावल्या नव्हत्याच.

एक्स्पोजर या वेळी हाताने ठरवलं. चौकटीतली सगळ्यात उजळ, पण पोत हवा अशी गोष्ट म्हणजे राख. तिच्यावर स्पॉट मीटर (एका ठिपक्याचाच प्रकाश मोजणारं) धरून ती हिस्टोग्रामच्या, म्हणजे काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या उजेडाच्या आलेखाच्या, उजव्या कडेच्या जरा आत राहील असं पाहिलं, आणि कोळसा जिथे पडेल तिथे पडू दिला. कमीत कमी आयएसओ (सेन्सरची प्रकाशाची संवेदनशीलता), ट्रायपॉड, रॉ फाइल (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली). सावल्या नंतर उचलायच्या, तर त्यांत दाणे कमी हवेत. जिथे फरक फारच मोठा होता तिथे दोन स्टॉप वर, दोन खाली (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा) अशा तीन चौकटी जोडण्यासाठी घेतल्या, पण वापरल्या त्यातल्या एकदोनच. जोडून केलेल्या चित्रांत कोळसा प्लास्टिकसारखा दिसतो असं माझं मत आहे.

ओला कोळसा चकाकतो, आणि चकाकताना आकाशाचा निळा रंग घेतो. पोलरायझर, म्हणजे चकाकी कापणारा फिल्टर, पूर्ण फिरवला तर ही चकाकी जाते, रंग खोल होतो, पण सालीवरच्या भेगांचा उठावही जातो. मी तो अर्ध्यावर ठेवला. भेगांची चौकोनी नक्षी तिरप्या प्रकाशात फार सुंदर दिसते. जवळून पाहिली तर सुकलेल्या तळ्याच्या चिखलासारखी.

व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगांची छटा ठरवणारी सेटिंग, ऑटोवर ठेवला नाही. एकाच जागी पुन्हा पुन्हा यायचं हे आता ठरलं होतं. प्रत्येक फेरीत कॅमेऱ्याने आपल्या मनाने रंग ठरवले, तर पुढे झाडं बदलली की कॅमेरा बदलला हे कसं कळणार? डेलाइट ठेवला आणि प्रत्येक फेरीचा पहिला फोटो करड्या कार्डाचा घेतला.

आणि हो, काळ्या झाडांना धुमारे फुटले होते. लांबून ते दिसत नव्हते. खोडं जरा जाड झाल्यासारखी वाटत होती, इतकंच. 200 मिलीमीटरची लेन्स लावल्यावर दिसलं, की खोडाच्या अंगावर बुंध्यापासून वीस-पंचवीस फुटांपर्यंत लव आली आहे. आणि ती हिरवी नव्हती. बरीचशी तांबडी, गुलाबी, काही ठिकाणी जांभळट. कोवळ्या पानांत हरितद्रव्य पुरेसं येईतो अँथोसायनिन हे तांबडं द्रव्य असतं, ते कोवळ्या पेशींचं उन्हापासून रक्षण करतं असं मानतात. आपल्याकडे आंब्याची, पिंपळाची पालवी अशीच येते. तरीही वणव्यानंतरच्या पालवीची कल्पना करताना माझ्या डोळ्यांपुढे हिरवा रंगच होता.

फिकट झाडांच्या अंगावर काहीच नव्हतं.

चौकट परत कशी सापडते

हा भाग कोरडा आहे, पण प्रकरणातला सगळ्यात उपयोगी भाग हाच, म्हणून जरा रेंगाळतो. मुख्य चौकट अशी: रस्त्याकडेला परावर्तक लावलेला खांब, त्यापासून बेलच्या दिशेने सात पावलं, ट्रायपॉडची उंची माझ्या छातीइतकी, लेन्स 70 मिलीमीटर. जीपीएसचे आकडे लिहून ठेवले, पण जीपीएस दोन-चार मीटर इकडेतिकडे होतं. खोडांच्या फोटोत दोन मीटर म्हणजे वेगळंच चित्र. म्हणून खरी खूण चौकटीच्या आतच शोधली. जवळचं एक दुबेळक्याचं खोड आणि मागचं एक सरळ खोड अशी दोन झाडं निवडली. जुना फोटो फोनवर उघडून, मागच्या खोडाची डावी कड पुढच्याच्या बेचक्यात नेमकी बसेपर्यंत डावी-उजवीकडे सरकायचं. बसली, की जागा बोटभर अंतरात जुळते. ही दोन झाडं काळ्या अंगातली घेतली, कारण तोवर कोणती उभी राहतील याचा अंदाज आला होता.

आकाश चौकटीतून काढून टाकलं, तेही या फेरीपासून. याचं श्रेय माझं नाही. फ्रेड विल्यम्स या ऑस्ट्रेलियन चित्रकाराच्या घराजवळच्या टेकड्या, मेलबर्नच्या पूर्वेला अपवे इथे, 1968 साली जळाल्या होत्या आणि त्यांनी त्या जळित उतारांची बरीच चित्रं केली. क्षितिज नाहीसं किंवा अगदी वर सरकवलेलं, आणि फिक्या जमिनीवर काळ्या खुणा विखुरलेल्या. ती पाहून लक्षात आलं, की आकाश आलं की झाडं आपोआप ‘उभी’ दिसतात आणि आपण त्यांना स्मारकं करून टाकतो. आकाश गेलं की उतार दिसतो, जमीन दिसते. शिवाय मीटरची डोकेदुखीही गेली.

राखेवर शेवाळ आलं होतं, पिवळट हिरवं, मखमलीसारखं. फ्युनेरिया नावाचं हे शेवाळ जळालेल्या जमिनीवर हमखास येतं. एक आडवं पडलेलं झाड पूर्ण जळून त्याच्या जागी नुसती पांढऱ्या राखेची लांब रेघ जानेवारीत मी पाहिली होती. पावसाने ती धुऊन गेली. तिचा नीट फोटो माझ्याकडे नाही, आणि या सगळ्या प्रकरणात मला खरी हळहळ त्या एकाच फोटोची आहे. अशा गोष्टी पहिल्या पावसापर्यंतच असतात.

जे काढलं नाही

मार्चच्या अखेरीस कोविडचे निर्बंध आले, आणि जूनपर्यंत तिकडे जाणं झालं नाही. मधल्या काळातल्या काही गोष्टी इथेच सांगून टाकतो.

पहिल्या फेरीत परतताना एका जळालेल्या घराच्या फाटकापाशी थांबलो होतो. मागे विटांची धुराडी तेवढी उभी होती, आणि अंगणात वाकलेला पत्रा. कॅमेरा गळ्यातच होता. आतून एक माणूस आला आणि शांतपणे विचारलं, फोटो काढून काय करणार? माझ्याकडे उत्तर नव्हतं. कॅमेरा गाडीत ठेवला, पाच मिनिटं बोललो, निघालो. त्यानंतर घरं, गाड्या, कुंपणं यांतलं काहीही चौकटीत घ्यायचं नाही असं ठरवलं. ज्याला त्यावर काम करायचं आहे त्याने ते वेगळ्या तयारीने, विचारून करावं.

जंगलाच्या आत पाऊल टाकायचा मोह फेब्रुवारीत फार झाला. टाकलं नाही. नियम होता म्हणून, आणि भीती होती म्हणूनही. जळालेल्या झाडाची मुळं जमिनीखाली कित्येक दिवस धुमसतात आणि जळून गेली की तिथे पोकळ भुयार उरतं. वरून राख सपाट दिसते, पाय मात्र गुडघ्यापर्यंत आत जातो. वर अर्धवट जळालेल्या फांद्या लटकत असतात, त्यांना तिथले लोक ‘विडोमेकर’, म्हणजे विधवा करणाऱ्या, म्हणतात. नावच पुरेसं आहे. वारा नसतानाही मी दोनदा दूर कुठेतरी फांदी कोसळल्याचा आवाज ऐकला. लांब लेन्स वापरावी लागली ती या बंधनामुळे, आणि उतार दाबून सपाट करणारी ती लेन्सच मग या मालिकेची भाषा झाली.

ड्रोनबद्दल गटातल्या एकाने विचारलं होतं. राष्ट्रीय उद्यानात तो परवानगीशिवाय उडवता येत नाही. मिळाली असती तरी मला वाटतं वरून दिसणारा जळित पट्टा हे वर्तमानपत्राचं चित्र आहे. साल वरून दिसत नाही.

बारीकसारीक एक गोष्ट: राख चिकट असते. जानेवारीत उघड्यावर लेन्स बदलली आणि सेन्सरवर जे ठिपके आले ते प्रत्येक धुक्याच्या फोटोत उमटले. नंतर लेन्स गाडीत, काचा लावूनच बदलली. तोंडाला पी2 मास्क लावत होतो. दोन महिन्यांनी सगळं जगच मास्क लावून फिरू लागलं.

जून

हिवाळ्यात तो भाग खुला झाल्यावर एका ढगाळ सकाळी बाईंबरोबर गेलो. काळं अंग आता काळं म्हणवत नव्हतं. धुमारे हातभर लांब झाले होते आणि खोडांना आपादमस्तक लोकरीचे पायमोजे घातल्यासारखी ती दिसत होती. दृश्य गमतीदारच होतं, पण गंभीर मालिकेत हसू येईल असा फोटो चालेल का, यावर मी उगाच दोन दिवस घालवले. चालला.

फिकट अंगाची पानं गळून गेली होती. साल सुटू लागली होती, तिच्याखाली लाकूड राखाडी, कोरडं. आता शंका राहिली नव्हती.

बाई मात्र वर बघतच नव्हत्या. गुडघ्यांवर बसून त्यांनी मला बोलावलं. त्या मेलेल्या झाडांच्या खाली, राख मिसळलेल्या मातीत, पेराएवढी रोपं होती. समोरासमोर दोन-दोन पानं, तांबूस देठ. शेंड्यावरच्या लाकडी बोंडांत बी सुरक्षित राहिलं होतं. आग गेल्यावर बोंडं वाळून उघडली आणि बी मोकळ्या, राखेने सुपीक झालेल्या जमिनीवर पडलं. वर सावली नाही, खाली गवताची स्पर्धा नाही. बाईंनी एक वीत जागा बोटांनी आखली आणि आतली रोपं मोजली: चौदा. त्यांतलं एखाददुसरं झाड होईल, म्हणाल्या. आणि ही रोपं मोठी होऊन स्वतः बी धरेपर्यंत, त्याला पुष्कळ वर्षं लागतात, इथे पुन्हा मोठी आग आली तर मग हे बन संपलं. वरही बी नसेल आणि खालीही.

हा फोटो कसा काढायचा हे मला कळेना. माझी भाषा लांब लेन्सची, छातीइतक्या उंचीची. इथे विषय दोन इंचांचा आणि त्याचा आईबाप तीस मीटर उंच. बऱ्याच खटपटीनंतर ट्रायपॉड जमिनीलगत आणून, 24 मिलीमीटर लावून, रोप पुढे स्पष्ट आणि मागे खोडं वर निमुळती होत गेलेली असं केलं. फोकस तीन ठिकाणी घेऊन जोडला. चांगला आला, जरा जास्तच चांगला: काळ्या जगात एक हिरवं रोप, म्हणजे ज्या चित्राला मी जानेवारीपासून नावं ठेवत होतो तेच. शेवटी तो बाजूला ठेवला आणि उभ्याउभ्या सरळ खाली पाहून वीतभर जागेचा फोटो घेतला. त्यात चौदाही रोपं दिसतात, मोजता येतात, आणि बाईंचं बोट कडेला आलं आहे. ते मी कापलं नाही.

भिंत

शेवटची फेरी जानेवारी 2021 मध्ये. त्या उन्हाळ्यात ब्लू माउंटन्समध्ये गुलाबी फ्लॅनेल फ्लॉवरचा बहर आला होता. आगीनंतर पुरेसा पाऊस झाला तरच हे बी रुजतं. मधली कित्येक वर्षं ते मातीत पडून असतं. लोक दुरून ते पाहायला येत होते आणि पायवाटेबाहेर तुडवतही होते. मी एक फोटो घेतला. भिंतीवर लावला नाही, कारण तो माझ्या उतारावरचा नव्हता.

बारांतले आठ फोटो त्या एकाच चौकटीचे आणि तिच्या भागांचे झाले: दोन अंगं, चार फेऱ्या. जानेवारी 2020 चा फोटो मूळ रॉ फाइलवरून पुन्हा केला, ताणाताण न करता, आणि खरं सांगायचं तर तो जरा निस्तेज आहे. तो तसाच लावला. छपाई मॅट कागदावर, कारण चकचकीत कागदावर काळ्या भागात बघणाऱ्याला स्वतःचाच चेहरा दिसतो. काळ्या अंगाच्या पहिल्या फोटोखाली ओळ होती: ‘पेपरमिंट, आगीनंतर सहा आठवडे. जिवंत.’ फिकट अंगाखाली: ‘ब्लू माउंटन्स ॲश, आगीनंतर सहा आठवडे. मेलेली. बी वर आहे.’ काहींना वाटलं ओळी चुकून उलट्या लागल्या आहेत, आणि त्यांनी येऊन तसं सांगितलंही. बाई त्यांना पुढच्या फोटोकडे घेऊन जात.

मी अजून तिकडे जातो, वर्षा-दीड वर्षातून एकदा. मधे रस्त्याच्या कामात तो खांब गेला, आता मी एका खडकापासून मोजतो. दुबेळक्याचं झाड उभं आहे. मागच्या खेपेला मात्र त्याच्या बेचक्यात मागचं खोड बसवता आलं नाही. उजवीकडून आलेली ॲशची रोपं ट्रायपॉडच्या उंचीवर गेली होती आणि चौकटीत त्यांच्या पानांशिवाय फारसं काही मावत नव्हतं. ट्रायपॉड वर घेऊन पाहावं असं क्षणभर वाटलं. घेतला नाही, करड्या कार्डाचा फोटो काढला, आणि त्यानंतर पानांचा.